आईला रात्री पायात गोळे येतात, शिवाय पाय स्वस्थ राहत नाहीत, कशाने होत असेल?

आईचं वय ६२. रात्री झोपेत पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच उठते. ते एक झालं, पण नुसतं आडवं पडलं तरी पायात काहीतरी वळवळतंय म्हणते, मग उठून घरात फेऱ्या मारते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, परत पडली की परत तेच. कॅल्शियम चालू आहे, फरक शून्य. बीपीची लघवी वाढवणारी गोळी आहे आणि सर्दीची एक गोळी रोज रात्री. हिमोग्लोबिन नॉर्मल. काय असेल?

प्रतिसाद १: ही दोन वेगळी दुखणी वाटतात. गोळा येतो तेव्हा पोटरी हाताला दगडासारखी लागते, पायाचा पंजा स्वतःकडे ओढून धरला की सुटते. दुसरं रेस्टलेस लेग्सचं लक्षण, त्यात दुखण्यापेक्षा पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, आणि ते संध्याकाळनंतरच जास्त. हिमोग्लोबिनवर जाऊ नका, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करा. लोहाचा साठा कमी असूनही हिमोग्लोबिन ठीक येतं. आणि रिपोर्टमध्ये फेरिटिन ३०-४० आलं तर लॅब नॉर्मलच छापते, पण या त्रासात ७५ च्या खाली असेल तरी बरेच डॉक्टर लोह सुरू करतात, तेव्हा आकडा दाखवाच.

प्रतिसाद २: मला तर त्या सर्दीच्या गोळीचाच संशय येतोय!! झोप आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी रेस्टलेस लेग्स वाढतात, डिप्रेशनच्या काही औषधांनी पण. बीपीच्या त्या गोळीने गोळे येऊ शकतात. मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना सगळी पाकिटं नेऊन दाखवा.

प्रतिसाद ३: मॅग्नेशियम द्या, नाहीतर क्विनिन, जुना उपाय आहे.

प्रतिसाद ४: क्विनिन अजिबात नको हो! त्याने प्लेटलेट्स घसरतात, हृदयाचे ठोके बिघडतात, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१० मध्ये पायात येणाऱ्या गोळ्यांसाठी वापरू नका असं बजावलंय. मॅग्नेशियमचा वयस्कर लोकांना फारसा उपयोग दिसलेला नाही, किडनी कमजोर असेल तर उलट अंगाशी येतं.

मूळ प्रश्नकर्ती: धन्यवाद सगळ्यांना, फेरिटिन करून घेते. शुगर पण बघू का?

प्रतिसाद १: हो, शुगर आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) दोन्ही. संध्याकाळची कॉफी बंद करून बघा. चालताना पोटरी दुखत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल तर रक्तवाहिन्या तपासायला लागतील. आणि एकच पाय सुजून गरम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, थांबू नका.