वाचनालयाच्या जुन्या सर्व्हरवर हाताने काय काय घातलंय, कसं शोधू?

फोंडेकर: नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या एका वाचनालयाचा सर्व्हर माझ्या गळ्यात पडलाय. उबुंटू 18.04 (लिनक्सची आवृत्ती), त्यावर कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर. या उबुंटूचे नेहमीचे अपडेट 2023 मध्येच बंद झाले, म्हणून चवथीच्या सुटीत सगळं नव्या मशीनवर हलवायचंय. आधी बघणारा मुलगा परदेशी गेला. मागे ना वही, ना चिठ्ठी. 'डीपीकेजी -एल' (बसवलेल्या सॉफ्टवेअर पॅकेजेसची यादी) दिलं तर हजारावर पॅकेजेस. यातली मुद्दाम घातलेली कुठली आणि त्यांच्या शेपटाला धरून आलेली कुठली?

माडाचीसावली: 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' (एपीटी म्हणजे पॅकेजेस बसवणारं साधन). झालं काम.

फोंडेकर: दोनशेच्या वर नावं आली हो. त्यात बॅश आणि ग्रब हे सिस्टिमचे मूळ भागसुद्धा! बॅश कोण हाताने घालतं?

मांडवीकाठ: फोंडेकरबाब, 'मॅन्युअल' या शब्दाने फसू नका. दुसऱ्या पॅकेजला लागतं म्हणून जे आलं, त्यावर एपीटी 'ऑटो' अशी खूण करतं. ज्यावर ती खूण नाही ते सगळं मॅन्युअल. इन्स्टॉलरने पहिल्या दिवशी टाकलेलंही त्यातच येतं.

तेव्हा आधी ते वजा करा. व्हार, लॉग, इन्स्टॉलर या वाटेवर 'इनिशियल-स्टेटस' नावाची झिप केलेली फाइल आहे का बघा (क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर सहसा नसते). त्यातली नावं आणि शोमॅन्युअलची नावं, दोन्ही सॉर्ट करून 'कॉम'ने ताडून पाहा. उरेल ती तुमच्या कामाची यादी.

एपीटीची हिस्टरी लॉगही वाचा. 'कमांडलाइन' शब्दाने ग्रेप केलं (म्हणजे शोधलं) की कोणी नेमकं काय टाइप केलं ते दिसतं. जुन्या लॉगा झिप केलेल्या असतात, त्यांना झेडग्रेप. पण त्या महिन्याला फिरतात आणि 12च राहतात, म्हणजे साधारण वर्षभराचंच मिळेल.

(कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच द्या. मागे एकाने खरंच तशाच पेस्ट केल्या होत्या.)

माडाचीसावली: बरं, माझं उत्तर अर्धवट होतं, मान्य. एक भर घालतो: 'एपीटी लिस्ट --इन्स्टॉल्ड' दिल्यावर ज्यांच्यापुढे 'लोकल' येतं ती बहुधा बाहेरून डेब फाइल आणून बसवलेली. नव्या मशीनवर ती रेपॉझिटरीतून (पॅकेजेसच्या ऑनलाइन साठ्यातून) आपोआप मिळणार नाहीत.

कुळागर: आणि यादी छोटी दिसावी म्हणून भराभर 'एपीटी-मार्क ऑटो' करत सुटू नका. मी केलं होतं. पुढच्या ऑटोरिमूव्हला (नको झालेली 'ऑटो' पॅकेजेस काढताना) फॉन्ट्स-लोहित-देवा हा देवनागरी फॉन्ट उडाला. त्यावर कोणीच अवलंबून नव्हतं ना! सोमवारी पीडीएफमध्ये पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. तुमच्याकडे मराठी लेबलं छापत असाल तर हे पॅकेज यादीत आहे ना, आधी बघा.

मांडवीकाठ: हे पटलं. शिवाय जे एपीटीतून आलंच नाही ते यातल्या कुठल्याच यादीत सापडणार नाही. यूएसआर-लोकल आणि ऑप्ट ही फोल्डरं उघडून बघा, पिप आणि स्नॅप या दुसऱ्या वाटांनी बसवलेल्यांची यादी काढा, रूटचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) वाचा. एखादी फाइल कुणाची कळेना तर 'डीपीकेजी -एस', यातला एस कॅपिटल. मालक सापडला नाही तर ती कोणीतरी हाताने ठेवलीय असं समजून चला.

कुळागर: आणि यादी पूर्ण करण्याच्या नादी फार लागू नका. कोहाच्या रेपॉझिटरीतून कोहा-कॉमन घातलं की पर्ल या भाषेच्या पॅकेजेसचं अर्धं गाव मागून येतंच. जुनं मशीन महिनाभर तसंच राहू दे.

फोंडेकर: मंडळी, खूप आभार. वजाबाकी करून 31 उरली, त्यात लोहित आहे! लोकल दोन. आणि यूएसआर-लोकलमध्ये एक स्क्रिप्ट मिळाली, रोज रात्री डेटाबेसचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेणारी. पेन ड्राइव्ह मशीनला नाही. ग्रंथपालबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, तो मुलगा जाताना घेऊन गेला, त्याचाच होता.

मांडवीकाठ: मग यादी ठेवा बाजूला आणि आधी आत्ताच्या आत्ता बॅकअप घ्या.