लांबच्या प्रवासाला गाडी: आईचे गुडघे, बाबांची कंबर

प्लेनोहून

नमस्कार मंडळी,

नवी गाडी घ्यायची आहे, तुमचा सल्ला हवा. ऑक्टोबरात आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्ससला येतायत. ताई ह्यूस्टनला असते, त्यामुळे आय-४५ हायवेवरच्या फेऱ्या ठरलेल्या. शिवाय बाबांना बिग बेंड नॅशनल पार्क बघायचंय, म्हणजे एका बाजूने आठ-नऊ तास. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, बाबांची कंबर धरते. मागच्या खेपेला ह्यूस्टनला पोचल्यावर आईला आमच्या सेडानमधून हात धरून उठवावं लागलं. हे म्हणतात मोठी एसयूव्ही घेऊ, हायलँडर किंवा पायलट. मला मिनीव्हॅन बरी वाटते. बजेट ४५ हजार डॉलरपर्यंत. ज्यांचे आई-वडील येऊन-जाऊन असतात त्यांनी नक्की लिहा.

शुगर लँडहून

ताई, नमस्कार.

आधी आईंची सीट ठरवा, मग गाडी. चालवणाऱ्याला कुठल्याही बऱ्या गाडीत सीट पुढेमागे, वरखाली करता येते. मागच्या रांगेत तशी सोय फारशी नसते, आणि लांबच्या प्रवासात हाल होतात ते तिथे बसणाऱ्याचे.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला सेडान खोल पडते. एसयूव्ही उलट उंच, चढताना सगळा भार एका गुडघ्यावर येतो. आई दाराशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, नुसतं टेकल्या आणि दोन्ही पाय एकदम आत घेतले, असं जिथे होतं ती उंची बरोबर. मिनीव्हॅन बहुतेकांना इथेच जमते. सरकतं दार पार्किंगच्या चिंचोळ्या जागेतही पूर्ण उघडतं, ही दुसरी मोठी सोय.

मग बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का ते पाहा. आपल्याकडच्या बायका उंचीने बेताच्या. पाय अधांतरी राहिले की सीटची कड गुडघ्यामागे रुतते आणि तासाभरात मुंग्या येतात. पायाखाली चपटा स्टूल ठेवू नका, ब्रेक मारला की तो सरकतो. दुसरी गाडी बघा.

आता चाकं. याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. टोयोटाची सिएना ही मिनीव्हॅन घ्या. तिच्या एलई ट्रिमला (म्हणजे त्या आवृत्तीला) २३५/६५ आर १७ टायर येतात, एक्सएसईला २३५/५० आर २०. मधला आकडा म्हणजे टायरची भिंत (बाजूची उंची) रुंदीच्या किती टक्के. पहिल्यात ही भिंत साधारण १५३ मिलिमीटर, दुसऱ्यात ११७. खड्ड्याचा दणका आधी ही भिंत झेलते, मग सस्पेन्शन. एक्सएसईचं सस्पेन्शनही जरा कडक आहे. दिसायला ती देखणी, पण कंबर धरणाऱ्या माणसासाठी १७ इंची चाकंच घ्या. फोर्ट स्टॉकटनहून यूएस ३८५ ने मॅरॅथॉनमार्गे बिग बेंडला जाल तेव्हा फरक समजेल. टेक्ससमधल्या खडी-डांबराच्या खरखरीत रस्त्यांवर लहान भिंतीचे टायर सतत घुमतात, आणि तो आवाजच माणसाला दमवतो. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

दुसरी मिनीव्हॅन होंडाची ओडिसी. तिच्यात सहा सिलिंडरचं व्ही६ इंजिन आहे, रॅम्पवरून हायवेला लागताना ते दमत नाही. सिएना २०२१ पासून फक्त हायब्रिड मिळते, ईपीए या सरकारी संस्थेचा आकडा गॅलनला ३६ मैल. ओडिसीचा २२. तुमच्या फेऱ्या बघता मी सिएना घेईन. दोन्हींत अडॅप्टिव्ह क्रूझ आहे, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखत गाडी आपला वेग आपणच सांभाळते. पश्चिमेकडे ८० मैलांची मर्यादा असलेल्या पट्ट्यांवर पायाला तेवढाच विसावा.

ऑस्टिनहून

काकांनी गाडीचं सगळं लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या बाजूचं लिहिते.

बाबांना पुढे बसवा, कमरेचा आधार कमीजास्त करायची सोय बहुधा पुढच्याच सीटला असते. तो आधार कमरेच्या पट्ट्याच्या रेषेत यायला हवा, वर पाठीला नको. नसेल तर हातरुमालाएवढा टॉवेल गुंडाळून तिथे ठेवा. जाड उशी नको, ती माणसाला पुढे ढकलते.

आणि थांबा. चार तासांहून जास्त सलग बसलं की पायातल्या शिरांमध्ये गाठ होण्याचा धोका वाढतो. वय झालेल्यांनी तर दर दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटं चालायलाच हवं. आय-४५ वर एनिस आणि मॅडिसनव्हिल या दोन्ही ठिकाणी बकीज (मोठा पेट्रोल पंप आणि दुकान) आहे, बाथरूम स्वच्छ, चालायला ऐसपैस. आपले आई-बाबा वाटेत बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, तसं होऊ देऊ नका. निघतानाच सांगा की दोनदा थांबणार आहोत.

प्लेनोहून

काका, ताई, मनापासून आभार. यांना पत्रं वाचून दाखवली, एसयूव्हीचा हट्ट सोडलाय. काल दोघं जाऊन सिएनात बसून आलो. सेल्समन सारखा मागच्या स्क्रीनबद्दलच सांगत होता. मी दुसऱ्या रांगेत अर्धा तास बसले, माझे पाय टेकले, पण आई माझ्याहून चार बोटं कमी आहे. ती इथे नाही, आणि तिला न बसवता पैसे भरायची हिंमत होत नाही.

शुगर लँडहून

मग भरू नका. आई आल्या की वीकेंडला सिएना भाड्याने घ्या आणि ह्यूस्टनला या. शोरूमचा गल्लीतला फेरा निरुपयोगी आहे, खरं काय ते दुसऱ्या तासाला कळतं. आणि "बरं वाटतंय ना?" असं विचारू नका, आई "हो" म्हणणारच. उतरून पहिली दहा पावलं कशी टाकतात ते बघा.

फ्रिस्कोहून

आमच्याकडे सिएना एलई आहे. सासूबाईही इथेच आहेत, उंची पाच फुटांच्या आतच, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. शनिवारी सकाळी चहाला या. त्या मागे बसतील, तुम्ही यूएस ३८० रस्त्यावरून डेंटनपर्यंत चालवून बघा. पत्ता वेगळ्या मेलने पाठवते.