मोटर आमच्या पोरामुळे जळाली. सगळ्यांना सांगायचं का?

लेथवाला_सिडको:
मी अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, राहायला जुन्या सिडकोत. आमची सहा घरांची बिल्डिंग. खालच्या टाकीतून वर पाणी चढवायची पाळी महिन्याला एकेका घराकडे. हा महिना आमचा. ते काम मी पोराकडे दिलंय, नववीत आहे.

मागच्या गुरुवारी नळाला पाणी कमी आलं, खालची टाकी जेमतेम भरली. साहेबांनी न बघता बटण दाबलं आणि मोबाईल घेऊन बसले. तासाभराने जळका वास. सगळे म्हणाले, दुपारपासून लाइट ये-जा करत होती, व्होल्टेजने गेली. दुरुस्तीचे ३,००० झाले, घरटी ५०० काढले.

रात्री त्याने मला खरं सांगितलं. मला ओरडता येईना. नवीन नोकरीत मी मशीनला चुकीचा ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचा आकडा, टाकून पाच बुश, म्हणजे आरपार भोकाचे गोल पार्ट, घालवले होते. भोक तपासायच्या प्लग गेजचं नो-गो टोक, जे आत जायलाच नको, ते सरळ आत जात होतं, म्हणजे भोक मोठं झालेलं. रिजेक्टच्या लाल डब्यात टाकायचे ते मी ओके मालात सरकवले. पार्टीकडून परत आले तेव्हा बोलणी दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरने खाल्ली. तो माझ्या शेजारी डबा उघडायचा आणि मी त्याची शेंगदाण्याची चटणी खायचो.

आता पोराला पाचही घरी न्यायचं का? बायको म्हणते, इथंच राहायचंय, उगाच पोराचं नाव खराब होईल.

गोदाकाठचा:
लहान आहे हो. पाचशे रुपयांसाठी एवढं कशाला? पुढच्या वेळी मोटर तुम्हीच लावा.

लेथवाला_सिडको:
मीच लावली तर तो काय शिकला? माझी सेकंड शिफ्ट असते, ते वेगळंच.

वाइंडिंगवाला_द्वारका:
दादा, मोटर कोरडी चालली की सील जळतं. उघडल्या उघडल्या दिसतं. ज्याने उघडली त्याला कारण कळलेलंच असणार. मोटर त्याच्याकडे नेली कुणी, ते बघा. टाकीतलं पाणी खाली गेलं की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच जरूर बसवा, पण पोराला आधी झाकण उचलून टाकीत बघू द्या. फ्लोटपण अडकतो कधीकधी.

आजी_नाशिकरोड:
स्विचशेजारी कॅलेंडर टांगा. चालू केल्याची, बंद केल्याची वेळ त्याने तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायची. माझ्या नातीला रात्री गॅस बंद करायचं काम दिलं तेव्हा असंच केलं. पहिले आठ दिवस बाईसाहेबांनी सगळं सकाळीच लिहून टाकलं होतं! मी रागावले नाही, रोज रात्री नुसतं विचारत राहिले.
आणि काय हो, ती बुशांची गोष्ट आम्हाला सांगितलीत, पोराला सांगितली का?

लेथवाला_सिडको:
आजी, नव्हती सांगितली. काल सांगितली. त्याने एवढंच विचारलं, "मग त्या काकांना तुम्ही सांगितलं का?" ते रिटायर होऊन सिन्नरला गेले. नंबर आहे माझ्याकडे.

आज संध्याकाळी आम्ही दोघं पहिल्या मजल्यावर गेलो. मोटर त्यांनीच नेली होती. वाइंडिंगवाले दादा, तुमचं खरं निघालं. म्हणाले, "मिस्त्रीने त्याच दिवशी सांगितलं होतं. पाळी कुणाची तेही मला माहीत. बघत होतो, कधी येता." चांगलं झापलं, पोराला कमी आणि मला जास्त. चहासुद्धा विचारला नाही.

दोन घरं झाली. तिसऱ्या घराला कुलूप आहे, गावाला गेलेत, रविवारी येतील. पोरगा म्हणतो, तोवर तुम्ही सिन्नरला फोन लावा.