फर हाताने शिवताना जोड दिसू नये म्हणून
फरचा टेडी हाताने शिवला की पाठीवर जोडाची रेघ उठून का दिसते, असा प्रश्न पडतो. चूक बहुधा कापण्यात असते. कात्रीने आरपार कापलं की काठाचे केस तुटतात. फर उलटी करून ब्लेडने फक्त मागचं कापड कापा. दोन्ही तुकड्यांवर केसांची दिशा एकच हवी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण नंतर ते सुधारता येत नाही. सुलट बाजू आत ठेवून, केस सुईच्या टोकाने आत ढकलत, काठावरून गुंडाळत बारीक टाके घाला. दोरा दुहेरी, पॉलिस्टरचा. सुलट केल्यावर जोडात अडकलेले केस सुईनेच हळूहळू बाहेर ओढा. तुळशीबागेतून फर घेताना मागचं कापड ताणून बघा, विरळ असेल तर टाक्यातून उसवतं.