बरोक ऑपेराचा ‘पारंपरिक’ प्रयोग : शब्द बरोबर आहे का?

प्रश्न : बरोक ऑपेरावरच्या (साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय संगीत नाट्यावरच्या) मजकुरात ‘ट्रॅडिशनल स्टेजिंग’ आणि ‘मॉडर्न स्टेजिंग’ अशी जोडी सारखी येते. ‘पारंपरिक मंचन’ आणि ‘आधुनिक मंचन’ चालेल का?

तिसरी घंटा : ‘मंचन’ हिंदीचं. मराठीत नाटक बसवतात, उभं करतात, त्याचा प्रयोग लावतात. ‘ऑपेरा कसा बसवला’ एवढ्यानं बहुतेक ठिकाणी भागतं. नामच हवं असेल तर ‘मांडणी’ घ्या. ‘रंगावृत्ती’ नको, तो संहितेचा शब्द. ‘नेपथ्य’ही नको, आज त्याचा अर्थ सेटपुरता उरलाय.

खालचा षड्ज : मला खटकतोय तो ‘पारंपरिक’. परंपरा म्हणजे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती आलेलं. संगीत नाटकातली पदं तशी आली. बरोक संगीतकार हेंडेलचे ऑपेरे मात्र १७५४नंतर रंगमंचावरून जवळजवळ नाहीसे झाले, ते १९२०मध्ये जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला ‘रोडेलिंडा’पासून परतले. त्यातही कापाकापी होतीच, आणि कास्त्रातोंची (आवाज उंच राहावा म्हणून लहानपणी खच्ची केलेल्या पुरुष गायकांची) गाणी सप्तकभर खाली उतरवून पुरुषांना दिली होती. मधली साखळीच नाही, तर परंपरा कुणाची? बऱ्याचदा ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतात ती एकोणिसाव्या शतकातली मखमल आणि प्लास्टरचे खांब असतात. मूळ काळाची पद्धत अभ्यासून केलेल्या प्रयोगाला ‘कालनिष्ठ’ म्हणावं.

विंगेतून : ‘कालनिष्ठ’ पटला. पण मग ‘विंग’ शब्दाला तळटीप द्या. आपली विंग म्हणजे कडेचा, आडोशाचा कापडी पडदा. बरोक विंग म्हणजे रंगवलेली उभी चौकट, देखाव्याचाच भाग. स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोमला १७६६चं थिएटर जुन्या यंत्रणेसकट शिल्लक आहे. तिथे रंगमंचाच्या फळ्यांमध्ये खाचा आहेत, खाली तळघरात गाडे. एका गाड्यावर आताची चौकट, शेजारच्यावर पुढच्या प्रवेशाची. सगळे दोर एकाच मोठ्या रहाटाला बांधलेले. माणसांनी रहाट फिरवला की एक संच आत जातो, त्याच वेळी दुसरा बाहेर येतो. काही सेकंदांत बाग जाऊन तुरुंग, तोही पडदा उघडा असताना. हाच ऑपेरा जड, भरीव सेटवर बसवला की प्रत्येक बदलाला पडदा पाडावा लागतो आणि संगीताचा ओघ तुटतो.

एक खोच आणखी. मागे जाल तशा चौकटी लहान होतात, दूरत्व दाखवायला. गायक मागे सरकला की घराच्या छपराला त्याचं डोकं लागल्यासारखं दिसतं! म्हणून तो पुढेच उभा राहतो. याला ‘कृत्रिम’ म्हणणाऱ्यांनी आधी रंगमंचाच्या फळ्यांचा मागे जाणारा चढ बघावा.

तिसरी घंटा : आणि ‘दा कापो’ घाटाची गाणी? मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, दुसऱ्या वेळी हरकतींसह, आणि गायक निघून जातो. टाळ्या त्या जाण्यावर बेतलेल्या. नव्या मांडणीत दिग्दर्शक त्याला तिथेच थांबवतो आणि टाळ्या संपेपर्यंत पात्र नुसतं उभं. पुन्हा आलेल्या मुखड्यात काय करायचं हे ठरवलं नसेल तर तो लांबलेला वाटतो. दोष वेशाला देतात, असतो तो इथे.

खालचा षड्ज : ‘आधुनिक’ही सैल आहे. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवातला २००५चा, हेंडेलचाच ‘ज्युलिओ चेझारे’ घ्या. दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकरनं तो ब्रिटिश साम्राज्याच्या काळात नेला, नाच हिंदी सिनेमाच्या वळणाचे. रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात मात्र संगीत-संचालक विल्यम क्रिस्टी आणि जुन्या धाटणीची वाद्यं. डोळ्यांना नवं, कानांना कालनिष्ठ. अशा वाद्यमेळात ‘ला’ (वाद्यं जुळवायचा पाश्चात्त्य स्वर) बहुधा ४१५ हर्ट्झला लावतात, आजच्या ४४०पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. त्यात आतड्याच्या तारा दिव्यांच्या उष्णतेनं सुरातून सरकतात, म्हणून अंकांच्या मध्ये पुन्हा जुळवायला वेळ ठेवावा लागतो.

प्रश्नकर्ती : म्हणजे ‘कालनिष्ठ मांडणी’, ‘जुन्या वळणाची मांडणी’ आणि ‘नव्या काळात नेलेली मांडणी’ असे तीन प्रकार करते, आणि वादनाबद्दल वेगळं लिहिते.

विंगेतून : हो. आणि ‘विंग’ऐवजी ‘सरकती चौकट’ लिहिलंत तर तळटीपही वाचेल.