अंदमानला सहकुटुंब जाताय? मग एकाच बेटावर मुक्काम ठोका

उंडगा:
दिवाळी जवळ आली की अंदमानला निघालेल्या ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात आणि प्रत्येकाच्या हातात तोच कागद असतो. ५ रात्री ६ दिवस: पोर्ट ब्लेअर, मग रॉस, बाराटांग, हॅवलॉक, नील ही बेटं, परत पोर्ट ब्लेअर. बरोबर सत्तरीची आई, गुडघे धरून चालणारे बाबा आणि पहिली-दुसरीतली पोरं. ही किनाऱ्यावरची सुट्टी नव्हे, बॅगा भरायच्या आणि उपसायच्या, एवढंच काम आहे. माझं मत असं की सेल्युलर जेलसाठी एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढा (आता श्री विजयपुरम, पण फोनवर सगळे जुनंच नाव घेतात) आणि बाकीच्या सगळ्या रात्री हॅवलॉकला. संपलं.

कारण साधं आहे, घड्याळ. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला, वेळ मात्र तीच. डिसेंबरात तिथे साडेपाचला उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य बुडतो. आता बोटीचा दिवस धरा. जेट्टीवर आधी जाऊन बसायचं, ओळखपत्रं, बॅगा यंत्रातून, मग खासगी बोटीने दीड तास नाहीतर सरकारी बोटीने अडीच. उतरल्यावर रिक्षा, खोली मिळेपर्यंत दुपार, जेवणं. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचून पोरांचे पाय जेमतेम ओले होतात तोवर जीवरक्षकाची शिट्टी वाजते, चला बाहेर. असे दोन-तीन दिवस गेले की सहलीतला अर्धा उजेड बोटीत संपला.

शिवाय एका जागी राहिलं तर समुद्र दोन्ही रूपांत दिसतो. हॅवलॉकच्याच विजयनगर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी एवढं आत जातं की पोहणं विसरा. पण खडकांच्या खळग्यांत निळे छोटे मासे अडकलेले असतात आणि वाळूवर शंख पाठीवर घेतलेले खेकडे चालत असतात. एक शंख उचलला की आत पाय ओढून घेतो, तळहातावर गप्प ठेवला की हळूच एक नांगी बाहेर. पोरं यात दोन तास रमतात, आणि आजी पोरांपेक्षा जास्त.

हिशेबनीस:
वाचायला छान, पण सहा माणसांचं विमानभाडं कोण भरतं? आधी चेन्नई नाहीतर कोलकाता, तिथून पुढे आणखी दोन तास. एवढा खर्च करून आई-बाबांना खेकडे दाखवायचे? आमच्याकडची पिढी तिथे आयुष्यात एकदाच जाते. परत आल्यावर शेजारचे काका विचारणार, ‘नील बघितलं का? बाराटांग केलं का?’ तेव्हा ‘नाही, आम्ही बसलो होतो’ असं सांगताना बाबांचा चेहरा बघा. दगदग होते, कबूल. पण आपले म्हातारे दगदगीला घाबरत नाहीत, राहून गेलं या रुखरुखीला घाबरतात.

उंडगा:
हिशेबनीस, काकांच्या प्रश्नासाठी पहाटे तीनला बाराटांगच्या गाडीत बसायचं असेल तर काकांनाच पाठवा की!

गुहागरकर:
मूळ प्रश्नच चुकलाय. सहकुटुंब समुद्र पाहिजे तर विमान कशाला? गुहागर, वेळणेश्वर, तारकर्ली. घरगुती मुक्काम, गरम भात, सोलकढी, म्हाताऱ्यांना भाषेची अडचण नाही, रात्री कुणाचं पोट बिघडलं तर गाडी दाराशी. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखालचंही दाखवतात.

आणि भरती-ओहोटीचं म्हणाल तर आमच्याकडे त्याला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची लहान कधी, हे घरातली म्हातारी सांगते.

डुबकी:
गुहागरकर, सोलकढीला नमस्कार. पण मालवणच्या पाण्यात हात पुढे केला तर बऱ्याचदा बोटं दिसत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपल्या किनाऱ्याला नद्यांचा गाळ येतो. अंदमानला छातीभर पाण्यात पायाची नखं दिसतात. पोहता न येणारं पोरसुद्धा ट्यूब धरून, तोंडावर मुखवटा लावून हॅवलॉकच्या एलिफंट बीचला मासे बघू शकतं. (स्कुबाचा हट्ट धरणाऱ्यांनो, १० वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत आणि नेतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.)

फक्त जाहिरातीतल्या रंगीबेरंगी बागेची अपेक्षा ठेवू नका. २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. किनाऱ्याजवळचं बरंचसं करड्या ढिगाऱ्यासारखं दिसतं. मासे आहेत, भरपूर आहेत. पण दमलं म्हणून प्रवाळावर पाय टेकायचा नाही, हे पोरांना आधी बजावा. मोठ्यांना जास्त बजावा.

आणि तिथीचा हिशेब कोकणच्या किनाऱ्याचा, तो हॅवलॉकला लावाल तर कोरड्या खडकावर उभे राहाल. तिथे तक्ताच बघायचा.

पोर्टब्लेअरची:
नवरा नौदलात, त्यामुळे काही वर्षं तिथे संसार केला. पाहुण्यांची वर्दळ एवढी की माझ्या घराचंच यात्री निवास झालं होतं. धागाकर्त्याशी अर्धी सहमत. एक बेट, मान्य. पण म्हातारी माणसं असतील तर ते बेट हॅवलॉक नाही, नील. बेट लहान, बरंचसं सपाट, शेतीभातीचं. जेट्टीपासून कुठेही पटकन पोचता. तिथल्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची बोट मिळते, ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांचंही काम होतं. संध्याकाळी लक्ष्मणपूरचा किनारा. हॅवलॉकला राधानगर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, मुक्कामाच्या बऱ्याच जागा या अंगाला, म्हणजे दर वेळी गाडी ठरवा. नीलचा दगडी नैसर्गिक पूल मात्र आजोबांना नको. ओहोटीला निसरड्या खडकांवरून चालावं लागतं.

दोन गोष्टी कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. पहिली, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. वारा सुटला की बोटी बंद होतात, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानाने हॅवलॉक आणि नीलवर पर्यटक अडकले, त्यांना आणायला नौदलाच्या बोटी पाठवाव्या लागल्या. दुसरी, दोन्ही बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण गंभीर दुखणं निघालं तर पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं. हृदयविकाराचा रुग्ण बरोबर असेल तर डॉक्टरांना विचारूनच बेट ठरवा.

हिशेबनीस:
बघा, म्हणजे नील आलंच!

उंडगा:
नील आलं, पण हॅवलॉकच्या *ऐवजी*. दोन्ही नाही. राधानगर सोडायचं मात्र माझ्या जिवावर येतं. मागे उंच महुआची झाडं आणि पुढे एवढी रुंद पांढरी वाळू दुसरीकडे नाही. नुसतं सावलीत बसलं तरी पैसे वसूल.

आजीबाई_जोरात:
माझं वय बहात्तर, मी स्वतः जाऊन आले, म्हणून माझंही ऐका. तुम्ही सगळे ‘म्हातारी माणसं’ म्हणत आमच्या डोक्यावरून बोलताय. मला अंदमानात काय पाहायचं होतं? सावरकरांची कोठडी. तात्याराव १९११ ला तिथे गेले, बाबाराव आधीपासून तिथे, आणि दोघे भाऊ एकाच तुरुंगात असून बराच काळ भेट नाही. हे लहानपणापासून ऐकलेलं. सात पाखांपैकी तीनच उरलीत, वरच्या मजल्यावर जायला जिने चढावे लागतात. मी बसत-उठत चढले. मुलगा खालून ‘आई, राहू दे’ म्हणत होता, त्याला खालीच ठेवला.

तेव्हा जेलसाठी ‘एक रात्र’ म्हणून उरकू नका. एक अख्खा दिवस जेलला द्या, रात्री दृक्‌श्राव्य कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी रॉस. वटवृक्षांनी गिळलेल्या भिंती आणि हरणं, नातवंडंही खूश. समुद्र मला दादरलाही दिसतो.

चुनखडी:
बाराटांगला सगळे उगाच झोडताय. खारफुटीतून बोटीने जाणं आणि पुढची चुनखडीची गुहा, हा त्या सहलीतला सगळ्यात वेगळा भाग. नुसती वाळू-वाळू काय करायची?

पोर्टब्लेअरची:
गुहा सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचा ताफा, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तो चालूच आहे. २०१२ मध्ये जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा देशभर बोंब झाली. ताफ्यातल्या गाडीत काय चालतं ते मी ऐकलंय: ‘दिसला का? दिसला का?’ पोरांना खिडकीशी बसवून माणसं शोधायला लावायची, ही कसली सहल?

चुनखडी:
आम्ही खिडकीतून शोधलं नव्हतं. सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका.

पोर्टब्लेअरची:
तुम्ही नसेल शोधलं. तरी आमच्या पाहुण्यांना मी त्या गाडीत बसू दिलं नाही, पुढेही देणार नाही.

गुहागरकर:
एक शंका. राधानगरला मगरी असतात म्हणे?

डुबकी:
खाडीच्या मुखाजवळ धोका असतो. २०१० मध्ये तिथे एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्यानंतर इशाऱ्याचे फलक, जाळी, जीवरक्षक, सगळं आहे. फलक लावलेल्या बाजूला जायचं नाही आणि शिट्टी वाजली की वाद न घालता बाहेर यायचं. आणि हो, परतताना बॅगेत शंख-प्रवाळ नको. प्रवाळाला वन्यजीव कायदा लागतो, विमानतळावर बॅग उघडतात. गेल्या खेपेला माझ्यापुढच्या काकूंची साडीची घडी उलगडून तिथल्या ताईंनी मूठभर तुकडे बाहेर काढले आणि काकू म्हणाल्या, ‘देव्हाऱ्यात ठेवायला घेतले होते हो.’ त्या ताई हसल्या, पण तुकडे तिथेच राहिले.

हिशेबनीस:
बरं, घरी कागद पुन्हा मांडला. बाराटांग काढलं, पोर्टब्लेअरच्या बाईंना न रुचलेलं बायकोलाही रुचलं नाही. दोन रात्री पोर्ट ब्लेअर, आईच्या हट्टाला. मग दोन हॅवलॉक, एक नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. एक रात्र वाढली, ती रजा माझी मी बघतो.

उंडगा:
अहो, बेटं दोनाची दोनच राहिली आणि वर बोटी तीन! नीलची ती एक रात्र हॅवलॉकला जोडा.

हिशेबनीस:
नाही जोडणार. शेजारी काका राहतात.