शब्दचर्चा : डेम्लो संख्या

प्रश्न : मुलीच्या वहीत १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या लिहिली आहे आणि पुढे ‘डेम्लो’. शब्दकोशात हा शब्द मिळाला नाही. उलटसुलट सारखी वाचता येणारी कोणतीही संख्या डेम्लो म्हणायची का?

उत्तर : नाही, आणि ही गल्लत बरेच जण करतात. हा शब्द द. रा. कापरेकरांचा. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले, ६१७४ वाले (या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात) कापरेकर. जीआयपी रेल्वेवरच्या (आजची मध्य रेल्वे) डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचंच नाव संख्यांना दिलं. शब्दकोशात मिळणार कसा!

व्याख्या अशी : संख्येचे तीन भाग पाडायचे. मधल्या भागात एकच अंक (एकदा किंवा अनेकदा) हवा आणि दोन्ही टोकांची बेरीज केली की त्यातही फक्त तोच अंक (एकदा किंवा अनेकदा) यायला हवा. २५५३ घ्या. २ + ३ = ५, मध्ये ५५. डेम्लो आहे, पण उलटी वाचली तर वेगळी. १२४२१ उलटसुलट सारखी, पण १२ + २१ = ३३ आणि मध्ये ४, म्हणून डेम्लो नाही. आता तुमची संख्या :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आणि मध्ये ९. इतकं सुंदर उदाहरण दुसरं नाही.

पुरवणी : ती १११११११११ (नऊ एक) चा वर्ग आहे. उभा गुणाकार मांडून पाहा, स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात आणि उतरतात, हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा सरकतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. चढउतार मोडला.

शिवाय ती कापरेकरांच्याच शब्दात ‘हर्षद’ही आहे. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला पाहिजे. इथे बेरीज ८१, आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. मुलीला हा भागाकार हातानेच करू द्या, कॅल्क्युलेटर नको.

प्रश्न : करायला सांगते. पण ती वाचायची कशी?

उत्तर : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली स्थाननामं लावली तर पहिला १ ‘मध्य’ या स्थानी येतो : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि शिखरावरचा ९ अर्बुदाच्या स्थानी. ऐकायला भारदस्त, पण आज कुणाला कळणार नाही. व्यवहारात मी अब्जापाशी तोडून वाचेन : १ कोटी २३ लाख ४५ हजार ६७८ अब्ज, ९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.